पाठझोळीचा कोपरा

हात रिकामे असले तरी कुवेतच्या अब्बासिया वस्तीतली रबिया पाठीवर ओझं असल्यासारखी वाकून चालते. बायका विचारतात, "कंबर धरली काय गं?" ती हसण्यावारी नेते. कंबर तिची ठणठणीत आहे.

रबिया मूळची हर्णैची. नवरा साबीर इथे बकाल्यात, म्हणजे वाणसामानाच्या दुकानात, कामाला आणि ती घरी बसून रफू करायची. कुणाच्या पांढऱ्या दिशदाशाला, म्हणजे पायघोळ अरबी झग्याला, सिगारेटने भोक पाडलेलं असो, रबियाच्या हातून आल्यावर ते कुठे होतं ते शोधत बसावं. या कसबाचा तिला तोराही भारी. भोक दिसलं की हात शिवशिवायचे.

तिचं नाव ऐकून जाब्रियाच्या उम्म बद्रने तिला बोलावून घेतलं. बाई कुवेती, विधवा आणि एकाच गोष्टीने झपाटलेली. चीनच्या डोंगरांत मियाओ, दोंग अशा लहान जमाती आहेत, त्यांचं हातकाम ती गोळा करायची. नवऱ्याच्या व्यापारापायी तिकडे जाणं-येणं झालं, तिथल्या पोरी सुई टाकून कारखान्यांत निघालेल्या तिने पाहिल्या, आणि मग मिळेल ते जपून आणत गेली. घराच्या तळघरात निळीत बुडवून चकाकेपर्यंत कुटलेले झगे होते, चांदीचे गळपट्टे होते आणि भिंतीवर बाळाला पाठीशी बांधायच्या भरतकामाच्या झोळ्या टांगलेल्या होत्या.

"विरलंय ते फक्त धरून ठेव," उम्म बद्र मोडक्या हिंदीत बजावायची. "भर घालू नकोस. जे नाही ते नाही."

रबिया मान डोलवायची आणि मनात म्हणायची, मग मला कशाला बोलावलं?

तिची लेक शाझिया जवळच्याच दवाखान्यात नर्स. लेकीची ड्यूटी असली की तान्ही आमिना आजीबरोबर तळघरात. एसीच्या गारव्यात, गादीवर, दुपट्यात गुंडाळून.

त्या झोळ्यांत एक लाल रेशमाची होती. तिच्यावर फुलपाखरं भरलेली, आणि खालचा एक कोपरा कात्रीने सरळ कापून नेलेला. रबियाच्या डोळ्यांत तो कोपरा कुसळासारखा सलायचा. उम्म बद्र उमऱ्याला मक्केला गेली तेव्हा तिला राहवलं नाही. जुन्या चिंधीतून रेशीम सोडवून तिने धाग्याला धागा जोडला, अर्धवट फुलपाखराला पंख दिला. काम इतकं बेमालूम झालं की तिचं तिलाच कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती झोळी भिंतीपासून सुटून पोटाशी फुगलेली दिसली. रबियाने हात फिरवून सारखी केली. कापड कोमट लागलं.

आमिना रडेनाशी झाली. आजीच्या खांद्यावरून भिंतीकडे बघत राहायची, हात पुढे करायची. आणि हलकी होत गेली. दूध नीट प्यायची, पण कडेवर घेतली तरी घेतल्यासारखी वाटेना.

"मना पोर हलकी लागते गो," रबिया लेकीला म्हणाली.

"अम्मी, वेट एकदम नॉर्मल आहे. मी स्वतः चेक केलं. तू उगाच टेन्शन घेतेस."

काट्याचं काट्यापाशी. रबियाने दुपारी पोरीला गादीवर ठेवलं, तर गादीला खळगाच पडेना. दुपटं उशीवर नुसतं पसरावं तसं दिसत होतं. उठून तिने ती लाल झोळी खुंटीवरून काढली, आणि तिला दोन्ही हात लावावे लागले. ते वजन तिच्या ओळखीचं होतं. महिनोन्‌महिने तेच तर ती कडेवर घेऊन हिंडली होती.

उम्म बद्र परतली त्याच संध्याकाळी. झोळी पाहिली आणि तिचा खालचा कोपरा चिमटीत धरला.

"कोपरा कुणी भरला?"

रबियाने स्वतःकडे बोट दाखवलं.

"ही ज्या बाईकडून घेतली, तिनेच माझ्यासमोर कापला होता तो. झोळी विकायची वेळ आली की आई कोपरा कापून घरी ठेवते. कापड जावं, पोराचा जीव जाऊ नये. तू तिला पुरी केलीस, रबिया. पुऱ्या झोळीला मूल लागतं." गादीकडे बघत ती ओरडली, "उसव! आत्ता उसव!"

रबिया भिंग, सुई घेऊन बसली. आणि तिला आपला टाका सापडेना. उलटून पाहिलं, उजेडाकडे धरून पाहिलं. जुनं कुठे संपतं, आपलं कुठे सुरू होतं, काही कळेना. आयुष्यभर ज्याचा तोरा मिरवला, त्याच कसबाला तिने त्या दिवशी शिव्याशाप दिले. गादीवरचं दुपटं सपाट होत चाललं होतं.

ज्या बाईने कधी एक धागा वाया जाऊ दिला नव्हता, त्या उम्म बद्रनेच कात्री पुढे केली. रबियाने अंदाजाने कापलं. बोटभर जास्तच गेलं. जुनं फुलपाखरूही कोपऱ्याबरोबर निघून आलं, तिला ते दिसलं, पण कात्री थांबवायची तिची हिंमत झाली नाही.

आमिनाने टाहो फोडला. रबियाने झडप घालून उचलली, तर हात भरून आली, जडशीळ. दोघी बायका ढसाढसा रडल्या.

मग उम्म बद्रने तो तुकडा रबियाच्या मुठीत दाबला. "हा इथे नाही राहायचा. कापणारीने घरी न्यायचा असतो."

"पण ह्यात झोळीतल्या त्या पोराचंपण आलंय," रबिया म्हणाली.

"म्हणून तर."

त्या संध्याकाळी आमिनाला छातीशी धरून ती अब्बासियाला आली, तेव्हाच पाठ जड झाली होती. तो तुकडा आता तिच्या कपाटात कुराणाच्या गवसणीशेजारी असतो. शाझियाला यातलं काही ठाऊक नाही. आमिना रांगते, बाळसं धरून आहे, आणि आजीच्या कडेवर असली की खांद्यामागे बघून खिदळते. रबियाला भीती वाटायची ती सरली. आता तिला वाईट वाटतं, त्या डोंगरातल्या आईचं. तिने इतकं जपून मागे ठेवलं, आणि तरी त्यातलं बोटभर आपल्या हातून निसटून इथवर आलंच.

तिन्हीसांजेला ती आमिनाच्या गालाला काजळाची तीट लावते. मग पुन्हा डबीत बोट बुडवून ते खांद्यावरून मागे नेते, काही नसलेल्या जागी टेकवते. बोट परत येतं तेव्हा त्यावर काजळ नसतं.