घरात एकच भाषा

भाषा कशा जन्मल्या, कशा वाढल्या, यावर एम.ए.ला असताना मी कोल्हापुरात पानंच्या पानं खरडली होती. मार्कही बरे पडले. पुढे पोटचं पोर अडीच वर्षांचं झालं तरी बोलेना, तेव्हा त्यातलं एक अक्षर कामाला आलं नाही.

नवऱ्याच्या बँकेनं आम्हाला चंदीगडला आणून टाकलं होतं. खाली घरमालकीण पंजाबी, पाळणाघरात हिंदी-इंग्रजी, घरात माझी कोल्हापुरी आणि नवऱ्याची अकोल्याकडची वऱ्हाडी. पोराला तपासणाऱ्या वाचातज्ज्ञ बाई म्हणाल्या, मूल गोंधळतंय, घरात एकच भाषा ठेवा. आज मी हा सल्ला डोळे झाकून मानला नसता. तेव्हा घाबरले होते. सेक्टर बावीसच्या त्या भाड्याच्या घरात आम्ही दोघांनी ठरवलं, लेक जागा असेपर्यंत फक्त हिंदी. त्याच्याशीही आणि आपसातही.

मी शब्द पाळला. आईला फोन करायचा तर गच्चीवर जायचे. एकही अंगाई गायले नाही, कारण हिंदीतली येत नव्हती. पोराला ताप आला की 'सोन्या' तोंडाशी यायचं, ते गिळून 'बेटा' म्हणायचे. दीड वर्ष स्वतःच्या लेकराशी पाहुण्यासारखी बोलले. तो बोलायला लागला, हिंदीत, आणि मला वाटलं, चला, वाया नाही गेलं.

रविवारी सकाळी बापलेक सेक्टर सतराच्या प्लाझात फिरायला जायचे. जानेवारीतल्या एका रविवारी धुकं होतं आणि पोराची कानटोपी घरीच राहिली. ती घेऊन मी मागोमाग निघाले. दोघं कारंज्यापाशी पाठमोरे बसले होते.

"बाबा, मले अजून शेंगदाने दे ना."

"आता बस झाले. मंग जेवत नाईस तू."

मी जागीच थांबले. माझा पोरगा घडाघडा मराठी बोलत होता. एकेक शब्द नवऱ्याच्या गावचा, माझा एकही नाही.

नवऱ्यानं वळून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "अगं, आठवडाभर बँकेत हिंदी, पंजाबी. तोंड आंबतं यार. रविवारचे दोन तास फक्त."

"कब से?" मी विचारलं. पोर जागं होतं, म्हणून हिंदीत.

"पहिल्यापासून."

नवऱ्याला तिथंच फाडून खावंसं वाटलं मला. चोरून तर मलाही बोलता आलं असतं. ते सुचलंच नाही, कारण मी त्याच्यावर विश्वास ठेवून बसले होते.

पोरानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग बापाकडे. बापाची बाही ओढून तो हलक्या आवाजात म्हणाला, "बाबा, मम्मासंग असं नको बोलू. तिले हे समजत नाई."

मी खाली वाकले आणि त्याच्या डोक्यावर टोपी चढवली.

"ठंड है, बेटा," म्हणाले.