भट्टीवरचा खोकला

लेकरं मोजणं हेच माझं काम. मी अंगणवाडी सेविका आहे. गावातल्या कोणत्या पोराचं वजन किती, उंची किती, दंडाचा घेर किती, हे मला तोंडपाठ असतं. पूर्वी रजिस्टरात लिहायचे, आता मोबाईलमध्ये भरते. एखादा रकाना रिकामा राहिला तर मला जेवण गोड लागत नाही. आणि अशा बाईचं स्वतःच्या मुलीच्या बाबतीतलं माप चुकलं, हे सांगताना अजून लाज वाटते.

मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. तिला दमा असल्याचं धाराशिवच्या डॉक्टरबाईंनी आदल्या वर्षीच सांगितलं होतं. त्यांनी दोन पंप दिले होते. एक रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा आणि दुसरा, निळा, दम लागला तरच. सोबत महिन्याचा एक कागद. दिवसा खोकला आला का, झोपमोड झाली का, खेळताना दम लागला का, निळा पंप घ्यावा लागला का, असे रोजचे चार रकाने; त्रास नसेल तर बरोबरची खूण, असेल तर फुली. तो कागद बघून मला बरंच वाटलं. हे तर आपलंच काम, म्हटलं.

आमचं गाव भूमकडचं. त्या भागात दूध म्हणजे खवा. आमच्याही घरामागं भट्टी होती. वर मोठी कढई, खाली पेटलेली लाकडं, आणि दूध आटेपर्यंत लांब दांड्याच्या उलथण्यानं ढवळत बसलेला माझा नवरा. डॉक्टरबाईंनी धुराचं आवर्जून विचारलं होतं. "भट्टी लांब आहे," असं मी ठोकून दिलं. लांब म्हणजे न्हाणीच्या पलीकडं, वीसेक पावलांवर.

त्या थंडीत तिचा दमा फार बळावला, तेव्हा आम्ही तिला महिनाभर येडशीला माझ्या बहिणीकडं ठेवलं. तिकडं रामलिंगची झाडी, हवा चांगली, धूर नाही. पोरगी खरंच सुधारली. पण परत आली त्या दिवशी तिनं माझा पदर धरला तो संध्याकाळपर्यंत सोडला नाही. मावशीनं लाडावून ठेवलीय, एवढाच मी त्याचा अर्थ घेतला.

मग घरात एक चेष्टा सुरू झाली. ती मीच सुरू केली. तिनं जरा घसा खाकरला की येडशीला जाताना तिचे कपडे भरलेली पिशवी खुंटीवर होती, मी तिच्याकडं बोट दाखवायचे. "खोकलीस? चल, भर पिशवी. येडशी!" नवरा हसायचा, तीही हसायची. मी पहिल्यापासून तोंडाळ. मला वाटायचं, लेकराला चेष्टा कळते.

आणि खोकला थांबला. रोज भाकरी थापताना मी विचारायचे, "आज खोकलीस का गं?" ती म्हणायची, "न्हाय." "दम लागला?" "न्हाय." मी कागदावर बरोबरची खूण करायचे. पुढं पुढं विचारणंही सुटलं. रविवारी बसायचे आणि आठवड्याच्या खुणा एका दमात ओढून मोकळी व्हायचे. निळा पंप कपाटात तसाच पडून होता, त्याचाही मला अभिमान होता.

शाळेतून आली की ती दप्तर टाकून सरळ भट्टीवर बापाशेजारी जाऊन बसायची. "बापाची लेक हाय," नवरा भट्टीवर दूध घालायला येणाऱ्यांना कौतुकानं सांगायचा. मला थोडा हेवाच वाटायचा. धुरात बसू नको म्हणून दोन-तीनदा ओरडले, पण ती दहा मिनिटांत आपणहून उठून यायची, मग मीही सोडून द्यायचे.

चार महिन्यांनी आम्ही तिघं तपासणीला गेलो. डॉक्टरबाईंनी काही विचारायच्या आत मी कागद पुढं केले. सगळ्या खुणा बरोबरच्या, एक फुली नाही. त्यांनी ते चाळले. "चार महिन्यांत एकदाही खोकला नाही? ताई, दमा नसलेलं लेकरूसुद्धा इतके दिवस खोकल्यावाचून राहत नाही." मला ते कौतुकच वाटलं. नवरा म्हणाला, "लई सुधारली बघा, बाई."

मग त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि मी उत्तरं द्यायला. दुसऱ्याच उत्तराला त्यांनी हात वर केला. "तुम्ही नाही. ती." मुलीनं आधी माझ्याकडं बघितलं आणि मग माझीच उत्तरं माझ्याच शब्दांत दिली. छाती तपासताना मात्र बाईंच्या कपाळावर आठी आली. त्यांनी श्वासाचा जोर मोजायची एक नळी पुढं केली. "जोरात फुंक मार." तिनं हळूच फुंकलं. "अशी नाही गं बाळा. पोटातून मार." तिनं जोर लावला, तशी खोकल्याची उबळ आली. पोरीनं नळी सोडली आणि फ्रॉकचं टोक तोंडावर दाबून धरलं. चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी आलं, पण आवाज बाहेर येऊ देईना.

"खोक बाळा. खोकून घे," बाई म्हणाल्या.

तिनं मान हलवली. उबळ गिळली आणि माझ्याकडं बघत म्हणाली, "नगं. येडशीला धाडत्यात."

बाईंनी माझ्याकडं बघितलं नाही, हा त्यांचा चांगुलपणा. त्यांनी मुलीलाच विचारलं, "मग तू खोकतेस कुठं?"

"भट्टीवर."

"तिथंच का?"

"तिथं समदेच खोकत्यात. कुणी इचारत न्हाय."

खोकला लपवायला माझं लेकरू धुरात जाऊन बसत होतं. तो धूर तिला आणखी खोकवत होता. आणि मी भाकऱ्या थापत बापलेकीच्या मायेचा हेवा करत होते. बाईंनी मग विचारलं की हिनं पळणं कधी सोडलं. मला माहीत नव्हतं. मुलगीच म्हणाली, शाळेत ती आता खो-खो खेळत नाही, कडेला उभी राहून सगळ्यांच्या चपला सांभाळते.

बाईंनी रोजच्या पंपाचं प्रमाण बदललं, तो कसा घ्यायचा ते पुन्हा शिकवलं, आणि भट्टीबद्दल नवऱ्याला सरळ शब्दांत सांगितलं. परतीच्या एसटीत तो खिडकीबाहेर बघत बसला होता. गाव जवळ आल्यावर म्हणाला, "मला वाटायचं, माझ्यासाठी येऊन बसती." पंधरा दिवसांत त्यानं भट्टी मळ्यात हलवली. आता दुधाचे कॅन तिथवर न्यावे लागतात, त्याचा खांदा भरून येतो, पण त्यानं एकदाही कुरकुर केली नाही.

माझं काम जास्त अवघड होतं. मी तिला जवळ घेतलं आणि सांगितलं, माझं चुकलं, तुला कुठंही धाडणार नाही. तिनं नीट ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि माझ्यावर विश्वास ठेवला नाही. नवा कागद मी तिच्याच हातात दिला. त्यावर तीही बरोबरच्या खुणा करू लागली. आईचंच बघून शिकली होती. मी फक्त तिच्या खेळाच्या वेळी गल्लीत जाऊन बसू लागले, ती किती पळते आणि कुठं थांबते ते बघत.

महिन्याभरानं एका संध्याकाळी मी भाकरी थापत होते. ती बाहेरून पळत आली, उंबऱ्यात थांबली आणि खोकली. चांगली मोठ्यानं, दोनदा. तिची नजर खुंटीवरच्या पिशवीवर होती.

"निळा पंप आण," मी म्हटलं. "आन् घेतलास की कागदावर फुली मार. मग जेवायला बस."

तिनं पंप घेतला. मग कागद जमिनीवर पसरून तिनं फुली मारली. ती एवढी मोठी की दोन रकाने ओलांडून गेली.

"एवढी मोठी गं?"

"म्या लई खोकले की," ती म्हणाली आणि तोंड न दाबता, माझ्याकडं बघत, आणखी एकदा खोकली.