केंडाचे पाणी

सॅम्पलभाईंकडे सकाळी कोणीही गेले, तरी ते आधी माशाचे श्वास मोजायचे आणि मग आलेल्या माणसाला "बस" म्हणायचे. डाव्या हातात मनगटी घड्याळ, उजव्या हाताचे एक बोट हवेत. माशाचे कल्ले उघडले की बोट किंचित हलायचे. मिनिट पुरे होईपर्यंत पाहुणा दारातच. एकदा पंचायतीचे एक मेंबर असेच ताटकळले आणि म्हणाले, "भाई, आमचोय श्वास मोजा रे केन्ना तरी." भाईंनी काचेवरची नजर काढली नाही. म्हणाले, "तुमी बोलतास, म्हणजे तुमचो चलता. हो बोलणा नाय."

डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांचे घर आमच्या घराला लागूनच होते. मागच्या पडवीत काचेच्या टाक्या ओळीने मांडलेल्या. पेडण्याच्या किनाऱ्यावर एक हॉटेल आहे, तिथे खाऱ्या पाण्याची मोठी टाकी आहे. त्या टाकीसाठी आणलेले नवे मासे आधी चाळीस दिवस भाईंकडे वेगळे राहायचे. बाहेरून येणारा मासा अंगावर कीड घेऊन येतो आणि तो एक मासा मोठ्या टाकीत गेला की आठवड्याभरात सगळे जातात. म्हणून ही पडवी. आई तिला "माशांचे बाळंतघर" म्हणायची. भाई म्हणायचे, "बाळंतघर न्हय गो वहिनी, नाको आसा तो. तपासल्याबगर गाडी फुडें नाय."

नाक्याची उपमा त्यांच्या नोकरीतून आली होती. खाणी चालू होत्या तेव्हा ते खनिजाच्या ट्रकांतून नमुने काढायचे. सॅम्पलभाई हे नाव तिथलेच. माझे बाबा त्याच खाणीवर ट्रक चालवायचे. आता ते पेडण्याकडे रस्त्याच्या कामावर टिपर चालवतात. बाबा सांगतात, इतर जण वरचा दोन फावडी माल पिशवीत भरून मोकळे व्हायचे. भाई ट्रकवर चढून मधोमध हातभर खणायचे आणि तिथला माल घ्यायचे. ड्रायव्हर उन्हात शिव्या घालत उभे. "ह्या मनशान आमका सुकयले," असे बाबा आजही म्हणतात. पण भाई अंगणातून जाताना दिसले तर बाबा खुर्चीवरून उठायचे.

मी आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिली. प्राणिशास्त्राच्या प्रकल्पासाठी विषय हवा होता आणि दूर जाण्याची सोय नव्हती, म्हणून भाईंकडे जाऊ लागले. पहिल्या दिवशी मी वहीतून त्या किडीचे लॅटिन नाव वाचून दाखवले. भाईंनी ते नीट ऐकून घेतले. "बरां नाव आसा," म्हणाले. "आता तिका माशार दाखय." मला दाखवता आली नाही. त्यांनी टॉर्च बाजूने धरला, तेव्हा पंखाच्या कडेला मिठाच्या कणासारखे तीन ठिपके दिसले. "समोरसून उजेड घातलो तर दिसणा नाय. बाजून घाल." माझ्या वहीत त्या दिवसाचे एवढे एकच वाक्य आहे.

त्या हिवाळ्यात हॉटेलच्या माशांबरोबर एक केंड, म्हणजे डिवचला की अंग फुगवणारा मासा, आला. कोळी जाळ्यात आलेला केंड शिवी देऊन फेकून देतात. हा काटेरी जातीचा, वाटीएवढा, मोठ्या डोळ्यांचा. सगळ्यांच्याच अंगावर ठिपके होते. बाकीच्यांना भाईंनी तांब्याचे औषध सुरू केले. केंडाला ते सोसत नाही. त्याच्या अंगावर खवले नसतात, थोडेसे तांबेही त्याला भारी पडते. हॉटेलचे मॅनेजर फोनवर म्हणाले, "भाई, म्हापशाचा दुकानदार सगळ्यांना एकच औषध घालतो. तुमच्याकडेच का एवढे लाड?" भाई म्हणाले, "केंड जितो देतंय तुमका. दिलो नाय तर फुडले मासे म्हापशाक धाडा." खाण बंद पडल्यापासून त्या पडवीवरच त्यांचे घर चालत होते.

औषधाशिवाय कीड कशी जाणार, हे मी विचारले. ते म्हणाले, "आमी किडीक मारणांव नाय. तिका मासो गावूंक दिणांव नाय." कीड काही दिवस माशावर खाते, मग गळून टाकीच्या तळाला जाते, तिथे कवच करते आणि फुटली की शेकड्यांनी पुन्हा मासा शोधायला निघते. पण तिला फुटायला तीन दिवसांहून जास्त लागतात. म्हणून तिसऱ्या दिवशी माशाला उचलून नव्या टाकीत, नव्या पाण्यात ठेवायचे आणि जुनी टाकी धुऊन कडक उन्हात वाळवायची. असे चार वेळा. फक्त नवे पाणी जुन्यासारखेच खारे आणि तेवढेच उबदार हवे, नाहीतर केंड बिथरतो. सांगायला सोपे. भाई मात्र पाणी करायला बसले की कोणाशी बोलायचे नाहीत. औषधाच्या टाक्यांचे मग वेगळे असायचे. त्यांच्या कानाला लाल पट्टी आणि ते दुसऱ्या खुंटीला.

तिसऱ्या बदलाच्या दिवशी भाईंना डोळे दाखवायला पणजीला जायचे होते. "तू करशील?" त्यांनी विचारले. मी होय म्हटले. ड्रममध्ये पाणी त्यांनीच करून ठेवले होते, मला फक्त ऊब बघायची होती. नेमकी सकाळी वीज गेली. हवेचे पंप बॅटरीवर चालत राहिले, हीटर बंद पडला. मार्गशीर्षातली थंडी, ड्रममधले पाणी गार. मला एक गोष्ट सुचली आणि सुचली म्हणून मी खूशही झाले. आमच्या न्हाणीतल्या भाणात अर्धे पाणी ओतले आणि खाली निखारे ठेवून कॉलेजला गेले. प्रॅक्टिकल संपवून दुपारी आले, ते पाणी ड्रममधल्या पाण्यात मिसळले, थर्मामीटर लावला, खारटपणा मोजला. दोन्ही आकडे अगदी बरोबर. केंडाला मी नव्या टाकीत सोडले.

आमच्याकडे भाण म्हणजे आंघोळीचे पाणी तापवायचे तांब्याचे मोठे भांडे. सणापूर्वी आईने ते आमसुलाने घासून लखलखीत केले होते. मी प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी, आणि हे मला त्या वेळी दिसले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाईंनी मला हाक मारली. केंड तळाला एका अंगावर टेकून होता. श्वास मोजताना भाईंचे बोट थांबतच नव्हते. "पाणी कशात ऊन केलंस गो?" त्यांनी विचारले. आवाज नेहमीसारखाच होता. माझ्या डोळ्यांसमोर भाण आले आणि तोंडातून निघाले, "ड्रमातच."

त्यांनी काचेच्या नळीत पाणी घेतले, तांबे तपासायचे थेंब टाकले. पाणी निळसर झाले. पांढऱ्या कागदासमोर नळी धरून ते बराच वेळ बघत राहिले. मग केंडाला स्वच्छ पाण्यात हलवले, तांबे शोषणाऱ्या कोळशाची पिशवी सोडली आणि खुंटीवरचे सगळे मग काढून जमिनीवर मांडले. एकेक उचलून वास घेत होते, पट्टी बघत होते. "लाल पट्टयेचो मग हांवेंच घाललो आसतलो ड्रमात," ते स्वतःशी म्हणाले. "डोळ्यांचो डॉक्टर सांगता ताच खरां. माका आता दिसणा नाय." त्यांनी सगळे मग पोत्यात भरले. मग फोन घेतला आणि चष्मा कपाळावर सरकवून मॅनेजरांचा नंबर शोधू लागले. "फुडले मासे म्हापशाक धाडा म्हणान सांगतंय. ह्या हातान आता कोणाचो मासो मारपाचो नाय."

मी म्हटले, "भाई, भाणात."

त्यांनी वर बघितले.

"वीज गेली होती. अर्धे पाणी आमच्या भाणात ऊन केले. चार-पाच तास होते."

"आवयन घासललां?"

"होय. आमसुलान."

"मगे बरां सुटलां आसतलां तांबा," ते म्हणाले. फोन खाली ठेवला. मला वाटले आता ओरडतील. ओरडले असते तर बरे झाले असते. ते पोत्यातले मग एकेक काढून पुन्हा खुंटीला लावू लागले. शेवटचा मग लावल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, "भाणाचा तुका म्हायत नासलां. ती चूक. पण ड्रम म्हटलंस, ता तुका म्हायत आसलां."

मी टाकी घासायला घेतली.

बदल पहिल्यापासून मोजायचे ठरले. पुन्हा चार. त्या बारा दिवसांत भाईंनी पाण्याला हात लावला नाही. ते स्टुलावर बसायचे आणि मी काय करते ते मला मोठ्याने सांगायला लावायचे. पहिले पाच दिवस केंडाने काही खाल्ले नाही. भाई मला रोज एक खुबा, म्हणजे जिवंत शिंपला, पाण्यात सोडायला सांगायचे आणि संध्याकाळी मी तो तसाच्या तसा बाहेर काढायचे. सहाव्या दिवशी मी टाकीजवळ वाकले होते आणि कडकन आवाज आला. केंडाने खुब्याचे कवच फोडले होते. भाई म्हणाले, "आयकलंस?" मी मान हलवली. "मगे रडतंस कित्याक? पाणी आधीच खारां आसा."

केंड हॉटेलात गेला, त्यानंतरही दोन वर्षे मासे येत राहिले. मग भाईंचे डोळे खरोखरच अधू झाले आणि मुलगी त्यांना बेळगावला घेऊन गेली. जाताना त्यांनी टाक्या विकल्या नाहीत, मलाही काही सांगितले नाही. मी तेव्हा एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते.

गेल्या महिन्यात मॅनेजरांचा फोन आला. नवे मासे येणार होते. "भाईंना विचारलं मी, कोणाकडे पाठवू," ते म्हणाले. "त्यांनी तुमचं नाव दिलं. तुमच्या हातून एकदा केंड मरता मरता वाचला म्हणे, आणि चूक तुम्ही स्वतःहून सांगितलीत. मला तेवढं पुरे आहे."

मला क्षणभर बरे वाटले. भाईंच्या पडवीबाहेर मीच धुऊन उन्हाला लावलेल्या टाक्या मला खिडकीतून दिसत होत्या.

"स्वतःहून नाही," मी म्हटले. "आधी मी खोटं बोलले होते. ते भाईंनी सांगितलं का?"

"नाही," मॅनेजर म्हणाले.

"मग थोडा वेळ आहे का तुम्हाला?" मी विचारले, आणि त्यांना ड्रमपासून सगळे सांगायला सुरुवात केली.