घोड्यांच्या बाजूचे आतोबा

काशीत देवावर रागावणारी माणसं पुष्कळ आहेत, नशिबावर आणि नगरपालिकेवर रागावणारी तर गल्लोगल्ली आहेत. पण घोड्यांच्या वतीने अख्ख्या मनुष्यजातीवर रागावलेला माणूस सबंध शहरात एकच होता, आणि तो माझ्या आत्याचा नवरा होता. आम्ही त्यांना आतोबा म्हणायचो. ब्रह्मा घाटावर राहायचे, रामघाटाच्या पाठशाळेत वेद शिकवायचे, आणि उरलेला वेळ एक्केवाल्यांशी भांडायचे. एक्का, म्हणजे इथली एका घोड्याची गाडी, हे त्यांचं आवडतं वाहन, पण त्यात ते बसलेले मी फार कमी वेळा पाहिले. चढ आला की उतरायचे, ऊन वाढलं की उतरायचे, घोडा नुसता फुरफुरला तरी उतरायचे, आणि ठरलेलं भाडं देऊन एक्क्याच्या बाजूने चालत राहायचे. एकदा मैदागिनजवळ एक्क्यातल्या एका उतारूने त्यांना डिवचलं, "ए गुरू, अब घोडी के कंधे पर उठा ला!" आतोबांनी मागे वळूनही पाहिलं नाही. म्हणाले, "घोडी तो उठा लूँ, लेकिन पीछे तू भी तो लदा है!"

घोड्याशी मात्र ते मराठीत बोलायचे. हिंदी त्याने शिव्यांतूनच ऐकलेली असते, असं त्यांचं म्हणणं. पाठशाळेत अश्वमेधाचा भाग शिकवायची पाळी आली की तोंड खिडकीकडे करून, घाईघाईने, कोणाचं तरी वाईट वर्तमान सांगावं तसे सांगायचे. एका आगाऊ विद्यार्थ्याने विचारलं, "गुरुजी, आपल्याच पूर्वजांनी केलं ना हे?" त्याच्याशी आतोबा तीन दिवस बोलले नाहीत. चौथ्या दिवशी म्हणाले, "पूर्वजांचं चुकलं. चल, पुढे म्हण."

त्यांचा खरा मान होता तो गहरेबाजीत. सावनातल्या सोमवारी इथे एक्क्यांची शर्यत होते, तिला गहरेबाजी म्हणतात. (इथला श्रावण आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो, आतोबा दोन्ही पाळायचे, म्हणून आत्या वैतागलेली असायची.) या शर्यतीत नुसतं आधी पोहोचून भागत नसे. घोड्याने दुडक्या चालीतच धावायचं. चाल मोडून तो चौखूर सुटला की बाद. वेगाची हाव धरणारा हरायचा, घोड्याला सांभाळणारा जिंकायचा. आणि चाल मोडली की नाही हे सांगायला एक्केवाले कोणाला बोलवायचे, तर या वैदिक ब्राह्मणाला. आतोबा रस्त्याकडेला डोळे मिटून उभे राहायचे आणि मांडीवर बोटाने ठेका धरायचे. जन्मभर पोरांचे स्वर तपासलेला कान तो. दुडक्या चालीत टापा समान अंतराने पडतात. घोडा उधळला की टापा गोळा होतात आणि मध्ये एक खड्डा पडतो. तो खड्डा त्यांना दुरून ऐकू यायचा. "मोडली!" एवढंच ओरडायचे. मग पहिलवानासारखा एक्केवालाही मान खाली घालून लगाम आवळायचा. त्यांच्याशी कोणी वाद घातलेला मला आठवत नाही.

आता माझी गोष्ट सांगायला हवी, आणि ती सांगताना मला सुख होत नाही. मी एका सिमेंट कंपनीत जाहिरातीचं काम बघायचो. गहरेबाजी कंपनीने पुरस्कृत करावी, ही कल्पना माझी. साहेबांना आदल्या वर्षीची शर्यत दाखवायला मीच घेऊन गेलो. ते कंटाळले. "ये रेस है या बारात?" म्हणाले. मी हसलो. दुसऱ्या दिवशी मीच नियम नव्याने लिहून काढला: जो आधी पोहोचेल तो विजेता. एका ओळीत मी त्या लोकांचं सगळं शहाणपण कापून टाकलं, आणि भाषा सुटसुटीत झाली म्हणून माझं कौतुक झालं. घोड्यांच्या पाठीवर कंपनीच्या नावाच्या झुली आल्या. चाबकाचं काय करायचं, असं कोणीतरी विचारलं, तर मी लिहिलं, "मालकाच्या मर्जीनुसार."

पंच आता नको होते, पण शोभेला वैदिक हवा होता. मी आतोबांकडे गेलो. "स्वस्तिवाचन करायचं, शाल घ्यायची," असं सांगितलं. ते खूश झाले. "तुझी कंपनी शर्यतीला पैसा देते म्हणजे माणसं बरी दिसतात," म्हणाले, आणि विचारलं, "मी उभा कुठे राहू? ऐकू आलं पाहिजे." मी म्हणालो, "स्टेजवर, आतोबा. माइकपाशी." नियम बदललाय, हे मी सांगितलं नाही. आत्या चहा आणत होती, तिच्यासमोर विषय नको, असं मी स्वतःला समजावलं.

त्या सोमवारी उन्हाने डांबर पाघळत होतं. आतोबांनी मंत्र म्हटले, सवयीने डोळे मिटले, मांडीवर बोट ठेवलं. एक्के सुटले आणि शंभर पावलांत सगळ्यांची चाल मोडली. "मोडली!" आतोबा माइकमध्ये ओरडले. लोकांना वाटलं, हा कार्यक्रमाचा भाग, टाळ्या पडल्या. "अरे मोडली! सगळ्यांचीच मोडली! रोको!" साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी माइकवाल्याकडे पाहिलं आणि मान हलवली. माइक बंद झाला. "पांढऱ्या घोडीचा मागचा पाय चुकतोय, रोको उसको!" डोळे मिटलेलेच होते; पांढरी कोणती हे त्यांना टापांवरून कळत होतं. म्हातारा हात वर करून ओरडत होता आणि आता त्याचा आवाज पहिल्या रांगेपर्यंतही पोचत नव्हता. पांढऱ्या घोडीचा मालक ओळखीचा होता. त्याला ऐकू गेलं असतं तर त्याने लगाम खेचला असता. ऐकू गेलं नाही. वळणावर घोडी पडली.

गर्दीतून मी पोचलो तेव्हा आतोबा डांबरावर बसून तिचं डोकं मांडीवर घेत होते. तिचा पाय दोन ठिकाणी मोडला होता. मालक छाती पिटत होता, "पंडितजी, आप बोले काहे नहीं? आप तो हर बार बोलते हैं!" आतोबांनी मला पाहिलं, मग त्याला म्हणाले, "आवाज बैठ गया, बेटा." घोडी संध्याकाळच्या आत गेली. मी ऑफिसात जाऊन बातमी लिहिली: शर्यत उत्साहात पार पडली. कंपनीचं नाव त्यात तीनदा आलं. पुढच्या वर्षी शर्यत पुन्हा झाली, त्याच नियमाने, आणि तिचंही काम मीच पाहिलं. साहेबांवर, कंपनीवर, टाळ्या वाजवणाऱ्या त्या गर्दीवर मी आजही संतापतो. पण मान हलवली ती माझी.

आतोबा त्या दिवसावर एक शब्द बोलले नाहीत. सणावाराला बोलवायचे, पानात वाढायचे. मला ते सोसेना. तीनेक वर्षांनी पंचगंगा घाटावर कार्तिकस्नानाहून परतताना, त्या उभ्या पायऱ्यांवर ते मध्येच दम खायला बसले, तेव्हा मी म्हणालो, "आतोबा, माइक मी बंद करवला होता."

"ठाऊक आहे."

"मग कधी बोलला का नाहीत?"

ओलं धोतर पिळत ते म्हणाले, "बोललो असतो तर तू माफी मागितली असतीस. तू घरचं पोर, मी दिली असती. आपलं दोघांचं मिटलं असतं. तिचं काय?"

कंपनी मी नंतर सोडली, पण ती पुष्कळ उशिरा, आणि त्याने कोणाचं काही भलं झालं नाही. आतोबांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्या सकाळी खाली नावा सुटत होत्या, घाटावरच्या मशिदीवर कोवळं ऊन आलं होतं. आतोबा उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि उरलेल्या पायऱ्या तो हात न काढता, एकेक करून चढले.