बोनेटवर हात

सीटकव्हरं शिवणाऱ्याकडे किस्से आपोआप साठतात. गाडीची सीट उचलली की खाली चिल्लर, हेअरपिना, शेंगांची टरफलं सापडतात, तसेच हेही सापडतात. दोस्तमंडळी म्हणतात, "अंबादास, तू लई हसवतोस!" मी हसवत नाही हो. झालं ते सांगतो. त्यात हसण्यासारखं फारसं नसतं, तरी लोक हसतात.

आमच्या घरात सगळे मागावर बसणारे, मी एकटाच रेक्झिनमध्ये शिरलो. सोलापुरात विजापूर वेशीजवळ माझं दुकान आणि भिंतीला भिंत लागून याकूबभाईचं गॅरेज. सत्तरचं दशक संपत आलं होतं. नवी गाडी बुक केली तर पोरगं शाळेत जायला लागेपर्यंत नंबर यायचा नाही, म्हणून जो तो जुनीच शोधायचा. घेण्याआधी ती याकूबभाईला दाखवायची, असा आमच्या भागातला रिवाज. तो मला बरोबर न्यायचा. तो बोनेट उघडायचा, मी सीट उचलायचो. मालक खोटं बोलला तरी या दोन जागा खरं बोलतात, असं त्याचं म्हणणं होतं.

त्या वर्षी आम्ही सगळ्या गाड्या एकाच माणसासाठी बघितल्या. गंगाधर, माझा शाळेतला दोस्त. दुधनीच्या बाजारात त्याचं अडतीचं दुकान, पण घर गावापासून लांब, शेतात. आदल्या साली त्याच्या बायकोला कळा सुरू झाल्या तेव्हा रेल्वे निघून गेली होती आणि गावातली एकुलती एक जीप लग्नाच्या वऱ्हाडात होती. बैलगाडीतून अक्कलकोटला नेता नेता मूल गेलं. बायको कशीबशी वाचली. आता तिला पुन्हा दिवस गेले होते.

"रंग कसाबी असू दे," तो याकूबभाईला म्हणाला, "दार न्हाय लागलं तर सुतळीनं बांदीन. चावी फिरवली की सुरू झाली पायजे. एवढंच बगा."

"वोइच तो कोई नै देता, भाई!" याकूबभाई म्हणाला.

* * *

याकूबभाईचा एक नियम होता. मालकाला नमस्कार करायच्या आधी बोनेटवर हात ठेवायचा. गरम इंजिन काय, कुणाच्याही हातानं सुरू होतं. गार इंजिन सुरू झालं तर ती गाडी. म्हणून विकणारे काय करायचे, आम्ही पोचायच्या आधी गाडी दोन चकरा फिरवून आणायचे आणि काही माहीत नसल्यासारखे दारात उभे राहायचे.

पहिली गाडी एका वकीलसाहेबांची. पांढरीशुभ्र, चाकंसुद्धा पुसलेली. याकूबभाईनं बोनेटवर पंजा ठेवला तर चपाती भाजेल इतकं गरम!

"आत्ताच कोर्टातून येतोय," वकीलसाहेब म्हणाले. "आज काम फार होतं."

याकूबभाईनं हात काढला, मग अदबीनं नमस्कार केला.

"साब, आज इतवार है!"

* * *

दुसरी एका एजंटाकडची. एजंटाकडे येणारी प्रत्येक गाडी डॉक्टरांचीच असते, आणि तीही एकहाती वापरलेली. सोलापुरात तेवढे डॉक्टर असते तर निम्मं गाव निरोगी झालं असतं.

याकूबभाई खिशातून रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक काढून दाराला लावायचा. पत्रा असला की ते चिकटतं, पत्र्याच्या जागी लांबी, म्हणजे पुट्टी, भरली असेल तर पडतं. त्या दिवशी डाव्या बाजूला पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत ते कुठंच चिकटलं नाही. गाडीची ती कूस सगळी लांबीची होती.

मी मागची सीट उचलली. वरचं कव्हर कोरं करकरीत होतं. आतल्या काथ्यात हिरव्या बांगड्यांचे तुकडे आणि पसरून वाळलेला तपकिरी डाग. गंगाधर माझ्या खांद्यावरून बघत होता.

"पान हो पान!" एजंट घाईनं म्हणाला. "डॉक्टरांना पानाचा लई शौक. पिचकारी उडाली असंल."

याकूबभाईनं तो डाग बघितला.

"और चूडियां भी वोइच पहनते थे क्या?"

परत येताना गंगाधर वाटेतच उतरून स्टेशनाकडे चालता झाला. मला वाटलं, आता तो हा नाद सोडेल. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात हजर! "पुढची कुटं हाय?" म्हणाला. बायकोला पाचवा लागला होता.

* * *

गिअरबॉक्स झिजला की कण्हतो. त्यावर एक जुना इलाज आहे: तेलात केळीच्या साली घालायच्या. आठ-पंधरा दिवस गाडी अगदी गुपचूप चालते, तेवढ्यात विकून मोकळं व्हायचं. एका व्यापाऱ्याच्या गाडीचा गिअर असा मऊ पडला, की याकूबभाईला संशय आलाच. त्यानं खालचा नट सैल केला, तेल वाहिलं आणि मागोमाग काळ्या झालेल्या साली लोंबायला लागल्या.

मग काय, त्याचं व्याख्यान सुरू झालं. इमान काय असतं, अल्ला वर बसून कसा बघतो, दुसऱ्याच्या पोराबाळांच्या जिवाशी खेळणाऱ्याचं काय होतं. व्यापारी शांतपणे ऐकत होता.

व्याख्यान संपल्यावर तो म्हणाला, "मिस्त्री, मी ही गाडी ज्याच्याकडून घेतली ना, त्यानं साली तुमच्याच गॅरेजात घालून घेतल्या होत्या की!"

याकूबभाईनं नट पुन्हा घट्ट केला, हात पुसले आणि मला म्हणाला, "चल, नमाज का टैम हो गया." नमाजाला अजून बराच वेळ होता. नंतर कधी मी केळी घेऊन गॅरेजात गेलो, की तो तोंड फिरवून बसायचा.

* * *

एकदा तुळजापूरच्या रस्त्याला ट्रायल घेतली. मालक पुढं बसून पूर्ण रस्ताभर गाडीचं कौतुक करत होता. पिकअप बघा, सस्पेन्शन बघा, हॉर्नसुद्धा बघा! घाट चढून वर गेलो, परत फिरून उतरणीच्या तोंडाशी आलो तर एकदम म्हणाला, "थांबवा जरा."

तो उतरला. आम्हाला वाटलं लघवीला गेला. तर रस्त्याकडेच्या दगडावर बसून त्यानं बिडी पेटवली.

"तुमी या खाली जाऊन," तो म्हणाला. "मी हितंच बसतो."

याकूबभाईनं गाडी बंद केली, गिअरमध्ये टाकली, उतरला आणि चारी चाकांना दगड लावले. मग त्याच्याशेजारी जाऊन बसला.

"एक बिडी हमकू भी देव!"

आम्ही एस. टी.नं परत आलो.

* * *

उजनीच्या पाण्याकडेच्या एका गावात केळीचा मळेवाला होता. गाडी दिसायला झकास. मी सीटच्या काथ्यात हात घातला तर मूठभर गाळ आला. हेडलाइटच्या काचेवर आतून निम्म्यावर मातीची रेघ होती. म्हणजे गाडी तिथपर्यंत बुडालेली.

इतरांसारखा हा खोटं बोलेल म्हणून आम्ही वाट बघत होतो. याकूबभाई तर काय उत्तर द्यायचं ते जुळवूनच उभा होता.

"व्हय, बुडाली होती की," मळेवाला म्हणाला. "धरणाचं पाणी चढलं. जुनं घर गेलं, हीर गेली, देऊळ गेलं. ही तेवढी बैल लावून वर काढली."

"मग आता विकताय कशाला?" गंगाधरनं विचारलं.

त्यानं पाण्याकडे हात केला.

"रस्ताबी तितंच हाय."

त्यानं आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. निघताना केळीचा एक घड दिला. तो याकूबभाईच्या मांडीवर आला, तरी त्या दिवशी मी त्याला काही बोललो नाही. माझ्या डोळ्यापुढून ती काचेवरची रेघ जात नव्हती.

* * *

बायकोचे दिवस भरत आले तसा गंगाधर चिडका झाला. म्हणायचा, तुम्हाला प्रत्येक गाडीत खोट दिसते, मला दार नको, रंग नको, काहीच नको, एक चावी तेवढी पाहिजे! याकूबभाई ऐकून घ्यायचा. बायकोला सोलापुरात आणून ठेव म्हणून मी सांगून बघितलं. पण शेतातल्या घरी त्याची आई अंथरुणाला खिळलेली, तिचं सगळं सूनच करायची. सून यायला तयार नव्हती.

तेवढ्यात कुणीतरी सांगितलं, अकलूजच्या पुढं एका मळ्यात काळी अँबॅसिडर आहे, म्हातारा मालक लगेच द्यायला तयार आहे. आम्ही तिघं गेलो.

गाडी चिंचेच्या सावलीत उभी होती. म्हातारा ओट्यावर बसलेला. याकूबभाई सवयीप्रमाणे आधी बोनेटकडे गेला, हात ठेवला आणि झटकन काढला. तापलेलं होतं.

तो असा भडकला की मी त्याला तसा कधी बघितला नव्हता. इतक्या लांबून आलो होतो, गंगाधरच्या बायकोचे दिवस भरत आले होते, सगळा राग त्या म्हाताऱ्यावर निघाला.

"बाबा, उमर क्या तुम्हारी! आमी येणार म्हणून तापवून ठेवली? शरम नै आती?"

म्हातारा उठून जवळ आला.

"तापवून न्हाय ठिवली," तो म्हणाला. "सकाळपासनं चालू करून बगतोय. रोजच बगतोय."

"कायको?"

"लेक बाळंतपणाला आली होती. भर दुपारी कळा लागल्या. मागल्या सीटवर निजवली आन् चावी फिरवली. न्हाय झाली. हँडल मारलं, गडी लावून बांधापतुर ढकलली. न्हाय झाली. टाकी भरल्याली, बॅटरी नवी." त्यानं बोनेटवरचं चिंचेचं पान झाडलं. "दुसरी गाडी येईस्तवर लेक गेली. प्वारबी गेलं. मसणातनं आल्यावर फिरवली, तर एका चावीत सुरू! तवापासनं एकदाबी चुकली न्हाय."

मी मागच्या सीटखाली हात घातलेला होता. तो तसाच काढून घेतला आणि सीट उचलली नाही.

याकूबभाईनं बोनेट उघडलं. प्लग काढून बघितले, पॉइंट घासले, वायर न् वायर हातातून फिरवली, पेट्रोलचा पंप खोलून पुन्हा बसवला. ऊन उतरलं तरी तो वाकलेलाच होता. शेवटी सरळ उभा राहिला.

"सब ठीक है," तो म्हणाला. खोट सापडली नाही म्हणून इतकं पडलेलं तोंड मी त्याचं कधी बघितलं नव्हतं.

इंजिन पुरतं गार होईपर्यंत आम्ही ओट्यावर बसलो. म्हाताऱ्यानं चहा सांगितला. मग गंगाधर उठला, बोनेटवर स्वतः हात ठेवून बघितला आणि गाडीत जाऊन बसला. चावी फिरवली. सुरू झाली. बंद केली, जरा थांबला, पुन्हा फिरवली. सुरू झाली. पुन्हा बंद केली. सुरू केली.

"बस हुआ, गंगाधर," याकूबभाई म्हणाला. "उतर."

गंगाधर उतरेना. म्हातारा काठी टेकत खिडकीपाशी गेला आणि आत वाकला.

"आनि एकदा बगा," तो म्हणाला.

गंगाधरनं चावी फिरवली. गाडी सुरू झाली.