पाहुण्याच्या ताटातला कान

बुरुलचाला सारं कारा-जार गाव आपा, म्हणजे थोरली बहीण, म्हणे. तिच्या दारातून उपाशी गेलेला माणूस शोधून सापडायचा नाही. आल्यागेल्याला चहा, साय, कणकेचे गरम तळलेले बोरसोक. पाहुणा मोठा असला तर मेंढी. म्हणूनच गावाने तिला आरोग्य समितीची प्रमुख केलं होतं. आजारपणातलं तिला काय कळतं, हे कुणी विचारलं नाही. जिल्ह्याचे साहेब आले की त्यांना जेवू कोण घालणार, एवढंच पाहिलं.

दर उन्हाळ्यात गाव मेंढ्या घेऊन वर कुरणावर राही, साहेब तिथेच येत. लोकरीच्या नमद्याच्या तंबूत मानाच्या जागी बसत आणि अगदी मनापासून विचारत, की दवाखान्याबद्दल काही अडचण आहे का? सगळे एका सुरात सांगत, देवाच्या दयेने झकास चाललंय. घरी आलेल्या पाहुण्यापुढे रडगाणं गायचं म्हणजे त्याच्या घासात खडे टाकायचे. आपल्याकडे असलं कोण करील? गुडघे सुजलेले म्हातारेही मांडी ठोकून ‘झकास’ म्हणत. सगळ्यात मोठ्याने आपा म्हणे.

यंदा त्याचं फळ मिळालं. गावची नर्स कुंदुझ हिला खिंडीपलीकडच्या मोठ्या गावात हलवायचं घाटत होतं. ज्या गावाची काही तक्रारच नाही, तिथे नर्स अडकवून कशाला ठेवायची? साहेब एकदा येऊन बघणार आणि कायमचं ठरवणार होते.

“आणखी घाल मेंढ्या,” आपाचा नवरा सातार म्हणाला. “इतकं चापून खायला घातलंस, की त्यांना वाटलं या गावात कुणी मरतच नाही.”

आपाला ते झोंबलं, कारण ते खरं होतं. सून जिपार पोटुशी होती आणि दिवस भरायचे ते ऐन हिवाळ्यात, खिंड बंद असताना. पहिल्या खेपेला गावात नर्स नव्हती. नातू जन्मला तो बर्फात रुतलेल्या शेजाऱ्याच्या ट्रकमध्ये. वाटेवर झाला म्हणून नाव ठेवलं जोलचू, वाटसरू. गाव त्या नावाला कौतुकाने हसे. आपा कधी हसली नाही. ट्रकमध्ये जिपारचा गार पडत चाललेला हात तिनेच धरला होता.

यंदा मेंढी कापूच नको, असं सातारने सुचवून पाहिलं. पाहुण्याला कोरडा चहा पाजायला मी अजून मेले नाही, असं सुनावून तिने कळपातली चांगली जाड मेंढी निवडली.

साहेब म्हणजे तालाय नावाचा तिशीतला डॉक्टर, मऊ स्वभावाचा, लाजाळू. रीतीप्रमाणे मेंढीचं शिजवलेलं मुंडकं मानाचा पाहुणा म्हणून त्याच्यापुढे आलं. आता त्याने कान कापून पोरांना द्यायचा. मोठ्यांचं ऐका, असा त्याचा अर्थ. जोलचू हात पुढे करून बसलाच होता. तेवढ्यात आपाने पाहुण्याच्या हातातून सुरी काढून घेतली. बाईमाणसाने मुंडक्याला सुरी लावलेली कारा-जारने कधी पाहिली नव्हती. तिने कान कापला आणि जोलचूला न देता डॉक्टरच्या ताटात ठेवला.

“खा, बाळा,” ती म्हणाली.

सातार शरमेने जमिनीकडे बघत राहिला. डॉक्टर लाल झाला, मग त्याने कान तोंडात टाकला आणि चावत राहिला. कान चिवट असतो.

“ऐकतोय, आपा,” अखेर तो म्हणाला.

आपाने सुरी खाली ठेवली. “एक नातू वाटेवर झाला, त्याला वाटेचं नाव ठेवलं. येणाऱ्याला मला दुसरं नाव ठेवायचंय. कुंदुझला नेऊ नका.”

मग कुणालाच आवरेना. सातारने गुडघा उघडा करून दाखवला, शेजारीण छातीतल्या कळेचं सांगू लागली. इतकी वर्षं अंगावर काढलेली दुखणी मेंढीच्या वाफेबरोबर बाहेर पडली. डॉक्टर लिहीत राहिला, त्याच्या ताटातलं मांस थिजून गेलं. आपल्या घरात पाहुणा अर्धपोटी उठला, म्हणून आपा मागाहून रडली.

कुंदुझ राहिली. खिंड बर्फाने भरली होती तेव्हा जिपारला आपल्याच घरात, आपल्याच अंथरुणावर मुलगी झाली.

पुढच्या उन्हाळ्यात डॉक्टर आला, तेव्हा ती नात आपाच्या मांडीवर होती. मुंडकं पुढे येताच त्याने स्वतःच सुरी उचलली. एक कान जोलचूच्या हातावर ठेवला, दुसरा स्वतःच्या तोंडात टाकला आणि म्हणाला, “हं, आपा. करा सुरुवात.”