आत वाकलेला स्क्रू

बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांचा वरचा ओठ उभा फाटला होता. वरच्या पुढच्या मोठ्या दाताशेजारचा दात मुळासकट गेला होता आणि त्याच्या पुढची हाडाची पातळ भिंत चुरा झाली होती. सायखेड्याकडच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, वय साठीचं. सोबत तिशीतला मुलगा. एका हातात आईची पर्स, दुसऱ्या हातात हेल्मेट.

"बाथरूममध्ये पडली, मॅडम," तो म्हणाला. बाईंनी मान हलवली. सातपूरच्या माझ्या दातांच्या दवाखान्यात असले ओठ मी बरेच शिवले आहेत. मी तोही शिवला.

जखम भरल्यावर नेहमीच्या जाडीचा इम्प्लांट बसेल एवढं हाड उरलं नव्हतं, म्हणून नवा दात बसवायला मी तीन मिलिमीटरचा बारीक स्क्रू निवडला. बाईंनी तो बघून विचारलं, "एवढीशी काडी. टिकेल का हो?"

"जाड स्क्रूएवढी ताकद नाही, बाई. पण या जागी भारही कमी येतो. दातांनी ऊस सोलू नका, म्हणजे झालं. वर्षानुवर्षं चालेल."

दीड वर्षातच त्या परत आल्या. दात टाळूकडे झुकला होता, हिरडी काळीनिळी पडली होती. "भाकरीचा कडक तुकडा चावला," त्या म्हणाल्या. मुलगा बाहेर बसला होता. एक्स-रेत स्क्रूची मान, हाडातून जिथे बाहेर येते तिथेच, वाकून चिरलेली दिसली. मी चिडले. माल पुरवणाऱ्याला तिथूनच फोन लावला आणि नाही नाही ते बोलले. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, रोजच्या चावण्यानं धातू थकला तर तो एक दिवस कटकन तुटतो. असा वाकत नाही. आणि वाकलाय कुठल्या बाजूला, ते बघा."

मी बघितलं. जेवताना खालचे दात वरच्या दातांना आतून बाहेर, ओठाकडे ढकलतात. हा आत वाकला होता.

तो काढावाच लागणार होता. स्क्रू हाडाशी एकजीव झालेला असतो, उपटून येत नाही. पोकळ, दातेरी ड्रिल त्याच्याभोवती फिरवून हाड कापावं लागतं. भूल दिली तरी डोक्यात घरघर घुमते. बाई हूं की चूं न करता पडून राहिल्या. रक्त घशात जाऊ लागलं, तरी नाही. स्क्रू निघाला, टाके पडले आणि मी वरचा दिवा सरकवायला हात उचलला. त्या क्षणी त्यांनी दोन्ही हातांनी चेहरा झाकला, गुडघे पोटाशी ओढले.

मी हात तसाच धरून उभी राहिले.

"कशानं मारलं, बाई?"

बोळा धरलेल्या तोंडातून त्या म्हणाल्या, "या वेळी हेल्मेटनं."

तेवढ्यात दार ढकलून मुलगा आत आला. "दीड वर्षात मोडतो? कसला फालतू माल घातला तुम्ही?"

मी शांत राहायला हवं होतं. बाईंना आधी बाहेर काढायला हवं होतं. पण मी स्क्रू चिमट्यात धरून त्याच्या डोळ्यांपुढे नेला. "माल चांगला आहे. भाकरीनं हा बाहेर वाकला असता. हा समोरून ठोसलाय."

त्यानं माझ्याकडे बघितलंच नाही, आईकडे बघितलं. "सांगितलंस?" असं म्हणून हेल्मेट फिरवलं. मी हात मध्ये घातला. मनगटात काहीतरी सुकी काटकी मोडावी तसं मोडलं. दुसरा फटका बाईंच्या कानावर बसला आणि त्या खुर्चीवरून खाली, हत्यारांच्या ट्रेवर पडल्या. त्यानं त्यांच्या पाठीत लाथ घातली, मग आणखी एक. मी ओरडत होते.

बाहेरचे पेशंट आणि शेजारचा मेडिकलवाला धावत आले. त्यांनी त्याला फरशीवर पाडलं आणि मग तेही थांबेनात. कोणी स्टूल उचललं, कोणी त्याचं डोकं दारावर आपटलं. खोटं कशाला सांगू, मला ते बघून बरं वाटत होतं. बाई मात्र सरपटत गेल्या आणि त्याच्या अंगावर आडव्या पडल्या. "मारू नका. मरेल तो." त्यांच्या तोंडातलं रक्त त्याच्या शर्टावर ठिबकत होतं.

मला वाटलं, संपलं. आता या पुन्हा पडल्याचंच सांगणार.

पोलीस आले. हवालदारानं विचारलं, "तक्रार कोणाची?" मी तोंड उघडायच्या आत बाई भिंत धरून उठल्या. "माझी लिहा. चार वर्षांपासूनची आहे. कागद जास्त लागतील." पाठ ताठ ठेवून त्यांनी तारीखवार सांगायला सुरुवात केली.

माझा हात दोन महिने प्लास्टरमध्ये होता. बाईंनी घराचं कुलूप बदललं. घर त्यांच्याच नावावर आहे. मुलगा जामिनावर सुटून अंबडला खोली घेऊन राहतो. खटला चालू आहे. बाईंच्या जबड्यात माझ्या एका सहकाऱ्यानं हाडाची भर घातली आणि पुन्हा बारीकच स्क्रू बसवला, कारण दोन दातांमधली जागाच तेवढी होती.

गेल्या महिन्यात त्या तपासणीला आल्या. स्क्रू घट्ट होता. बोलता बोलता त्यांचा फोन वाजला. नाव बघून त्या फोन घेऊन दाराबाहेर गेल्या. काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. परत येऊन त्या म्हणाल्या, "जेवलास का, एवढंच विचारलं मी त्याला. घरी ये म्हणाले नाही."